टवक्याखाली काय आहे

२०२३ च्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिव धानोरा या गावाची बातमी देशभर गेली. गंगापूर तालुक्यातले हे गाव जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. तिथली काही शाळकरी मुले थर्मोकोलच्या जाड तुकड्यांवर बसून, पाणी मागे सारत, शाळेला जात होती. बातमी रस्त्याची आणि पुलाची होती, आणि त्या मुलांना पूलच मिळायला हवा, याबद्दल दुमत असू शकत नाही. पण माणूस पाण्यावर कशाच्या जोरावर तरतो, हेही त्या तुकड्यांनी उघड करून दाखवले होते. जगभरच्या किनाऱ्यांवर लोक ज्या पॅडलबोर्डवर उभे राहून हौसेने वल्हे मारतात, त्यातल्या बहुतेक टणक बोर्डांच्या पोटात हाच थर्मोकोल असतो. फरक आहे तो वरच्या कवचाचा. त्या कवचाचा टवका उडाला किंवा त्याला पोचा आला तर काय करायचे, हा या प्रकरणाचा विषय.

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे फुगवून एकमेकांना चिकटवलेले दाणे. त्यात जवळजवळ ९८ टक्के हवा असते. साधारण साडेदहा फुटी बोर्डाचे आकारमान १७० लिटरच्या आसपास धरले आणि आतला थर्मोकोल घनमीटरला वीस किलो भरणारा असला, तर त्याचे वजन साडेतीन किलोच्या आतच राहते. अख्खा बोर्ड मात्र दहा-बारा किलोंचा असतो. उरलेले वजन मुख्यतः कवचाचे: काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड, त्यात मुरवलेले इपॉक्सी रेझिन, काही बोर्डांत मध्ये लाकडाचा किंवा पीव्हीसीचा पातळ थर, त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी पारदर्शक कोट. या सगळ्याची जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर, तरी माणसाचा भार आणि वल्ह्याचा मार तेच सोसते. आतल्या थर्मोकोलचे काम वरचे आणि खालचे कवच एकमेकांपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवण्याचे आहे. दोन्ही मिळून बोर्डाला ताठपणा येतो. एकेकट्याने कुणालाच तो साधत नाही.

बोर्ड असाच का बनवतात, यामागे थोडा इतिहास आहे. हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारे काही जण विसाव्या शतकाच्या मध्यावरच बोर्डावर उभे राहून वल्हे मारत. २००० च्या आसपास माउई बेटावरच्या लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी तो प्रकार पुन्हा उचलला आणि तिथून तो जगभर पसरला. लाटांवरचे बोर्ड मात्र त्याआधी बरीच वर्षे वेगळ्या फोमचे होते. कॅलिफोर्नियात १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम रुळवला. पुढे क्लार्कचा कारखाना अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांना फोम पुरवू लागला, आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याने तो एकाएकी बंद केला. बोर्ड बनवणाऱ्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला आणि थर्मोकोल व इपॉक्सीच्या जोडीला जोर आला. पॅडलबोर्डला ती जोडी विशेष मानवली, कारण एवढा मोठा बोर्ड एका माणसाला काखेत धरून नेता येईल इतका हलका राहायला हवा होता.

हा इतिहास दुरुस्तीला थेट नडतो. जुन्या पद्धतीच्या बोर्डाला चालणारा मसाला नव्याला चालत नाही. तो का चालत नाही, ते पुढे येईलच. त्याआधी रंगाचे काम काय, ते पाहू.

रंगाचा टवका उडाला की बहुतेकांना वाटते, शोभा गेली, बाकी काही नाही. मोटारीच्या दारावरचा ओरखडा आपण वर्षानुवर्षे तसाच ठेवतो, त्यामुळे ही सवय जडलेली असते. बोर्डाच्या बाबतीत ती महागात पडते. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. उघडे पडलेले इपॉक्सी आधी पिवळे पडते, मग त्यावर खडूसारखी पूड धरते आणि शेवटी ते ठिसूळ होते. रंग आणि पारदर्शक कोट ते ऊन अडवतात. म्हणजे नुसता रंग उडाला असेल तर बोर्ड आज बुडणार नाही, पण त्या जागचे कवच दोन-तीन उन्हाळ्यांत कमजोर होईल आणि पुढचा बारीकसा धक्काही त्याला पुरेल.

आणि कवचाला आरपार चीर गेली असेल तर पाणी आत जाते. थर्मोकोलचा प्रत्येक दाणा स्वतःपुरता बंद असतो, पण दाण्यादाण्यांमध्ये फटी असतात. पाणी त्या फटींतून वाट काढत दूरवर पसरते. १७० लिटरच्या बोर्डात दोन टक्के जागा पाण्याने भरली तरी वजन साडेतीन किलोंनी वाढते, म्हणजे आतल्या सगळ्या थर्मोकोलइतके. एवढे वजन वाढले तरी बोर्ड वरून तसाच दिसतो, म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही.

इथे कोकणातल्या लाकडी होडीची आठवण येते, कारण तिची रीत याच्या नेमकी उलट आहे. सुकलेली होडी पाण्यात लोटली की पहिले काही तास फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. मग लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे स्वतःच घट्ट होतात. तेलात भिजवलेला कापूस फटींत ठोकून बसवायचा, त्यावर राळ घालायची, तळाला मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडायचे, ही सारी मेहनत लाकडाच्या या स्वभावाशी जुळवून घेणारी होती. आजही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी उरकतात. त्यांतल्या बऱ्याच होड्या आता फायबरच्या आहेत. फायबर आणि थर्मोकोल फुगून आपली फट बुजवत नाहीत. भोक पडले ते पडले. हाताने बुजवीपर्यंत ते उघडेच राहते.

हे सगळे मी तेरखेड्याच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, त्याला कारण आहे. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव समुद्रापासून बरेच आत, बालाघाटच्या डोंगराळ पठारावर, सोलापूर–धुळे महामार्गावर आहे. मराठवाड्याच्या बाजारांत ते शोभेच्या दारूसाठी ओळखले जाते. पॅडलबोर्ड दुरुस्तीचे दुकान इथे सापडणार नाही. पण तारकर्ली-मालवणला जाऊन आलेले, तिथे बोर्डावर उभे राहायला शिकलेले लोक आता आतल्या जिल्ह्यांतही आहेत, आणि मांजरा, सीना-कोळेगाव किंवा उजनी यांसारखे मोठे जलाशय या पठाराच्या आवाक्यात आहेत. धरणांच्या पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट असतात. उजनीचे पाणी उतरते तेव्हा पळसदेवचे देऊळ वर येते, यावरून तळाशी काय काय दडलेले असेल याची कल्पना यावी. बोर्डाच्या तळाला पोचा पाडायला काळ्या बसाल्टचा एक कोपरा पुरतो.

दुरुस्तीचे निम्मे शहाणपण तर या गावाकडे आधीपासून आहे. पावसाळी हवेत दारू सादळली की ती वरून कोरडी दिसते आणि वात लावल्यावरच खरे कळते. म्हणून फटाके बनवणारा माणूस ओलाव्याला कधी क्षुल्लक मानत नाही. बोर्डाकडे नेमके असेच पाहायचे. शिवाय महामार्गावर डेंटिंग-पेंटिंगची गॅरेज असतात. घासणे, पुट्टी भरणे, पातळी काढणे, रंग जुळवणे यांत तिथल्या कारागिराचा हात मुरलेला असतो. त्याने बोर्ड हाती घेतला तर काम नक्कीच सुबक होईल, फक्त त्याला आत काय आहे ते आधी सांगावे लागेल. कारण पत्र्याला चालणारे त्याचे दोन मसाले थर्मोकोलचा घात करतात.

पहिला मसाला थिनर. त्यातली टोल्युईन, ॲसिटोन यांसारखी द्रावके पॉलिस्टायरीनला क्षणात विरघळवतात. थर्मोकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे थेंब टाकून पाहिले तर तो जागीच बसतो, चिकट लगदा होतो. उघड्या पडलेल्या टवक्यावर थिनरचा बोळा फिरवला, की कवचाखाली पोकळी तयार होते आणि वरून ती दिसतही नाही. डब्यातल्या स्प्रे रंगातही अशीच द्रावके असतात. दुसरा मसाला पुट्टी. मोटारीची पुट्टी पॉलिस्टर जातीची असते, तिच्यात स्टायरीन असते, आणि स्टायरीनही तेच करते. फायबरच्या होड्यांना वापरतात ते साधे पॉलिस्टर रेझिनही याच कुळातले. शिवाय पक्क्या झालेल्या इपॉक्सीला पॉलिस्टर नीट धरत नाही. उलट पॉलिस्टरवर इपॉक्सी चांगले बसते. म्हणून बोर्ड कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक नसेल तर इपॉक्सी वापरावे, म्हणजे चूक होत नाही.

इपॉक्सी आपल्याला परके नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तानने केलेल्या संशोधनातून सीबा कंपनीने १९४६ मध्ये अराल्डाइट बाजारात आणले, आणि आज ते तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नळाच्या गळतीवर आपण एम-सीलची जी गोळी मळतो, तीही इपॉक्सीच. भर पाण्यातल्या सहलीत बोर्डाला भोक पडले तर घरी येईपर्यंत एम-सील कामचलाऊ बूच म्हणून चालते. पण ती जड आणि कडक असते; बोर्डाचे कवच लवते, ती लवत नाही, म्हणून कायमच्या दुरुस्तीसाठी ती योग्य नाही. त्यासाठी पातळ, दोन बाटल्यांत येणारे लॅमिनेटिंग इपॉक्सी घ्यावे.

आता नेमके काय झाले आहे, ते ओळखायचे. खरे कौशल्य मी इथेच मानतो. पुढचे काम हात सांगेल तसे होते. जागा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तिरप्या उजेडात पाहावी. रंग गेला पण खाली प्रायमरचा पांढरा किंवा करडा थर गुळगुळीत दिसतो, नख फिरवल्यावर अडत नाही, तर तो निव्वळ रंगाचा टवका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा फुटल्या असतील तर काचेच्या कापडाला मार बसला आहे. अंगठ्याने हलके दाबावे: जागा दबली, कुरकुरली किंवा ओलसर झाली तर कवच फुटले आहे. मग नाण्याने आजूबाजूला टकटक करत जावे. जिथे आवाज टणक आहे तिथे कवच थर्मोकोलला धरून आहे, जिथे बद्द येतो तिथे ते सुटले आहे. गळतीची शंका असेल तर साबणाचे पाणी लावून बोर्ड थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावा. आतली हवा तापून बाहेर पडू पाहते आणि चीर असेल तिथे बुडबुडा येतो. बुडबुडा आला की बोर्ड लगेच सावलीत न्यावा, नाहीतर गार होताना तीच चीर साबणाचे पाणी आत ओढून घेईल.

पाणी आत गेले असेल तर वाळवण्यात घाई करू नये. जखमेचे तोंड खाली येईल असा बोर्ड सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावा. वजनकाट्यावर रोज वजन घ्यावे. ते उतरायचे थांबले म्हणजे जाऊ शकणारे पाणी गेले. समुद्राचे पाणी असेल तर जखमेचे तोंड आधी गोड्या पाण्याने पुसून घ्यावे, कारण मागे राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते. ड्रायर किंवा हीट गन लावू नये. थर्मोकोल ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसू लागतो आणि हीट गन त्याहून कितीतरी जास्त तापते. आणि तेरखेड्यात तर हा नियम दुप्पट पाळावा: जिथे दारूकाम चालते त्या घराच्या किंवा शेडच्या आसपास थिनर, ॲसिटोन, तापवायची उपकरणे, यांपैकी काहीही काढू नये. हे काम मोकळ्या अंगणात, तिथून लांब करावे.

निव्वळ रंगाचा टवका असेल तर काम अर्ध्या दिवसाचे आहे. टवक्याच्या कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने अशा घासायच्या की रंगाची पायरी उरू नये, बोट फिरवले तर कडा कुठे सुरू होते ते कळू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. उघडे इपॉक्सी दिसत असेल तर त्यावर इपॉक्सीचा एक पातळ हात, आणि तो पक्का झाला की रंग.

पोचा आला पण कवच फुटले नाही, तर तो बुजवायचा की नाही हा विचार करावा. पायाखालच्या भागात टाचेने पडलेले उथळ पोचे तसेच राहू दिले तरी चालते. कडेवरचा किंवा तळावरचा पोचा मात्र भरावा, कारण तिथे पुढचा मार पुन्हा त्याच जागी लागतो. पोच्याची आतली बाजू ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करायची, कारण गुळगुळीत पृष्ठभागाला इपॉक्सी धरत नाही. मग इपॉक्सीत काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड, म्हणजे मायक्रोबलून, घालून ते श्रीखंडाइतके घट्ट करायचे आणि भरायचे. ही पूड भराव हलका ठेवते आणि नंतर घासायला सोपा करते. भराव पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवावा आणि त्यावर झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची शीट ताणून चिकटपट्टीने बसवावी. इपॉक्सी त्या शीटला चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी शीट सोलली की खाली जवळजवळ तयार पृष्ठभाग मिळतो.

कवच फुटून थर्मोकोल दिसत असेल तर फुटलेले, सैल झालेले तेवढेच कापून काढावे. नवशिक्याचा हात इथे हटकून जास्त चालतो. धड कवच शक्य तितके राखावे. खळगा मायक्रोबलूनच्या भरावाने पातळीपर्यंत आणायचा, भोवतालचा रंग दोन-तीन सेंटिमीटर घासून काढायचा आणि मग काचेच्या कापडाचे ठिगळ द्यायचे. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा तिथूनच सुटतो. चौरस मीटरला १३० ते २०० ग्रॅम वजनाचे कापड लहान जखमेला पुरते. कडेवर दोन थर द्यावेत, खालचा लहान आणि वरचा मोठा. रेझिन मुरले की कापड पारदर्शक होते. पांढरे राहिले तिथे रेझिन कमी आहे, चमकणारे डबके दिसले तिथे जास्त आहे, आणि जास्तीचे रेझिन वजन वाढवते, ताकद नाही. लहान प्लास्टिकच्या पट्टीने ते हलकेच निपटून काढावे.

मिश्रण करताना गॅरेजची एक सवय सोडावी लागते. पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर थोडा जास्त घातला की ती लवकर धरते, म्हणून कारागीर अंदाजाने काम करतो. इपॉक्सीत हा अंदाज चालत नाही. त्यात रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांशी ठराविक प्रमाणात जोडले जातात. हार्डनर जास्त झाला तर उरलेला भाग तसाच मोकळा राहतो आणि काम कायमचे चिकट राहते. बाटलीवर जे प्रमाण दिले आहे, आणि ते वजनाने आहे की मापाने, ते वाचून काट्यावर मोजावे, आणि भांड्याच्या कडा व तळ खरवडत दोन-तीन मिनिटे ढवळावे. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. घासताना तोंडावर चांगला मास्क लावावा, कारण काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

मराठवाड्याच्या हवेत वेळ सांभाळणे हे या कामाचे मोठे अंग आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सीची काम करण्याजोगी मुदत साधारण निम्मी होते. पंचवीस अंशांना जे मिश्रण अर्धा तास टिकते ते मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा मिनिटांत घट्ट होते. शिवाय ते घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. पेल्यात एकगठ्ठा ठेवले तर ती उष्णता कोंडते आणि पेला धूर सोडण्याइतका तापतो. म्हणून थोडे थोडे कालवावे आणि पसरट ताटलीत घ्यावे.

काम सकाळी करावे की संध्याकाळी? बहुतेक जण थंडावा पाहून सकाळ निवडतात. मी संध्याकाळ निवडायला सांगेन. सकाळी दिवस चढत जातो, बोर्ड तापत जातो, आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे वर ढकलते. नंतर त्या जागी टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात, आणि पाण्याला तेवढी पुरतात. ऊन कलल्यावर बोर्ड गार होत जातो, आतली हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढले जाते. पावसाळी हवेत मात्र वेगळा त्रास होतो: पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती न काढता घासले तर पेपर भरतो आणि वरचा रंग सुटतो. साधे पाणी आणि भांडी घासायची खरबरीत घासणी यांनी ती निघून जाते. त्याला रसायन लागत नाही.

रंगाकडे यावे ते सगळे घासून झाल्यावर. १२० ने उंचवटा उतरवायचा, २२० ने पातळी आणायची, ४०० ने पाणी लावून हात फिरवायचा. भराव आणि जुना पृष्ठभाग यांची सांधरेषा डोळे मिटून बोटाला लागली नाही, म्हणजे झाले. इथपर्यंत थर्मोकोल पूर्ण झाकला गेलेला असल्याने स्प्रे रंगही चालतो, फक्त भराव खरोखर पक्का झाल्याची खात्री हवी. पांढऱ्या बोर्डाचा पांढरा जुळवणे सर्वांत कठीण, कारण उन्हात राहिलेला पांढरा कधीच कोरा पांढरा नसतो. त्यात पिवळ्याचा आणि करड्याचा अंश मिसळावा लागतो. जुन्या मोटारीच्या दाराशी नवी फेंडर जुळवणारा रंगारी हे पाहता क्षणी ओळखतो, आणि इथे त्याच्यापुढे पुस्तकाने गप्प राहावे. रंग एका जाड थरात न देता तीन पातळ थरांत द्यावा, आणि त्यावर अतिनील किरणे अडवणारा पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट द्यावा. हा शेवटचा कोट टाळला तर चार महिन्यांनी दुरुस्तीची जागा वेगळी दिसू लागते.

हाताला कोरडे लागले म्हणजे इपॉक्सी पक्के झाले असे नाही. पंचवीस अंशांच्या हवेत त्याला पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी घासायला हरकत नाही. पाण्यात उतरायला थांबावे. ज्या कडेवर वल्ह्याचा दांडा वारंवार आपटतो तिथे याच वेळी पारदर्शक जाड टेप लावून टाकावी. बहुतेक टवके खडकाने उडत नाहीत, ते मालकाच्या स्वतःच्या वल्ह्याने उडतात.

हवा भरायच्या बोर्डांना यातले काहीच लागू नाही. ते पीव्हीसीचे असतात, आतून हजारो धाग्यांनी वरखाली जोडलेले, आणि त्यांत साधारण १२ ते १५ पीएसआय हवा भरतात. त्यांना भोक पडले तर महामार्गावरच्या पंक्चरवाल्याचे रबर सोल्यूशन उपयोगी नाही, ते पीव्हीसीला टिकून धरत नाही. पीव्हीसीचेच ठिगळ आणि त्यासाठीचे पॉलियुरेथेन जातीचे चिकटद्रव्य लागते. पण गळती शोधण्याची त्याची पद्धत तंतोतंत चालते.

टणक बोर्ड कोकणातून वर आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. मालवणहून घाट चढून या पठारावर यायचे म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर वर यायचे. धाराशिव शहरच सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या चढणीत बाहेरच्या हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी उतरतो. बोर्डात कोंडलेली हवा मात्र किनाऱ्यावरच्या दाबाची असते. तळहाताएवढ्या, दहा बाय दहा सेंटिमीटरच्या जागेवर ती आतून आठ किलोंच्या आसपास जोर लावते. त्यात बोर्ड गाडीच्या टपावर उन्हात बांधलेला असेल आणि आतली हवा तीस अंशांवरून साठवर गेली, तर आणखी दहा टक्के. दुरुस्तीची ताजी जागा अशा वेळी सर्वांत आधी सुटते. अखंड कवचही फोड आल्यासारखे थर्मोकोलपासून उचलले जाऊ शकते. यासाठीच पुष्कळ बोर्डांच्या वरच्या बाजूला, धरायच्या खाचेच्या आसपास, एक छोटा स्क्रू असतो. काहींत त्याच जागी हवा सोडणारी आणि पाणी अडवणारी पातळ जाळी असते, तिला हात लावावा लागत नाही. स्क्रू असेल तर तो गाडीवर बोर्ड चढवण्याआधी दोन-तीन फेरे सैल करावा, बोर्ड जाड चादरीने झाकावा, आणि तळ्याच्या काठावर पोचल्यावर, बोर्ड पाण्याला लागण्याआधी, रबरी वॉशर जागेवर आहे ना हे पाहून तो पुन्हा हाताने घट्ट बसवावा.